वशिल्याची तोड आणि साखरेचा उतारा



वार्षिक सभेत एक प्रश्न हटकून येतो : कारखान्याने शाळा-दवाखाने कशाला चालवायचे? तो पैसा उसाला द्या की! प्रश्न रास्त आहे. पण पैसा नेमका कुठे गळतो, ते आधी पाहू.

धरा, एक कारखाना हंगामात ५ लाख टन ऊस गाळतो. उतारा फक्त ०.१ टक्क्याने घसरला, तर ५,००० क्विंटल साखर कमी. २०१९ साली ठरलेला ३,१०० रुपये किमान विक्री दर धरला तरी १ कोटी ५५ लाख रुपये गेले. आणि आपले काय जाते? २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे.

हा उतारा बहुतेक वेळा फडातच बिघडतो. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू व खोडवा, असा तोडणीचा क्रम पक्वतेवर बांधलेला असतो. पण एखाद्या पुढाऱ्याचा फोन येतो आणि टोळी भलत्याच रानात वळते. (निवडणुकीच्या साली असे फोन फार!) तिथला दहा महिन्यांचा कोवळा ऊस गव्हाणीत पडतो, त्यात पाणी जास्त, साखर कमी. इकडे सोळा महिन्यांचा आडसाली उभाच. त्याला तुरा येतो, कांडी पोकळ होते, वजन घटते. एका वशिल्यात दोन फडांचे नुकसान, आणि ते भरून देतात सगळे सभासद.

समाजकार्याचे म्हणाल, तर प्रवरेकडे पाहा. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० अखेर गाळप सुरू झाले. प्रवरा पब्लिक स्कूल निघाले १९६४ साली. आधी कारखाना पायावर उभा राहिला, मग शाळा. माझ्या मते हाच क्रम बरा.

राजकारण नकोच, असेही मी म्हणत नाही. साखरेचे आणि इथेनॉलचे धोरण दिल्लीत ठरते. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करणे बंद केले, आठवडाभरात ते काही प्रमाणात पुन्हा खुले केले. अशा वेळी आपली बाजू तिथे मांडणारा माणूस हवाच. त्याने वजन तिथे वापरावे, स्लिपबॉयवर नव्हे.

आपण एवढे करा. लागणीची तारीख खरी नोंदवा. नंबर लवकर लागावा म्हणून महिना मागे ढकलू नका. ब्रिक्स तपासायला आमचा माणूस आला की स्वतः हजर राहा. शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळपास सारखा आला, की ऊस पक्व झाला. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जाईल असे पाहा. तोडणीची यादी गट ऑफिसात पाहायला मागा, आणि मध्येच कोणाचा नंबर पुढे सरकला तर का सरकला, ते मला येऊन विचारा.

– ऊस विकास अधिकारी