सातच्या आत, पण कोणी?

मधुमेहाचं निदान होऊन तीन महिने झाले आहेत, गोळी सुरू आहे, रोजचं चालणं सुरू आहे, आणि नव्या रिपोर्टात उपाशीपोटी साखर ११८ आली आहे. प्रयोगशाळेने तो आकडा ठळक छापलाय. शेजारच्या रकान्यात लिहिलंय ७० ते १००. माणूस हिरमुसतो. रात्रीची अर्धी पोळी आणखी कमी करतो, नाहीतर थेट दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता शोधतो.

खरं तर ११८ हा त्याच्यासाठी उत्तम आकडा आहे. रकान्यातली मर्यादा मधुमेह नसलेल्यांची आहे. १२६ हा दुसरा आकडाही असाच घोळ घालतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ही रेघ निदानासाठी आखलेली आहे. १९९७ पर्यंत ती १४० वर होती. डोळ्यांच्या पडद्यावरचे दोष साधारण कोणत्या पातळीपासून वाढतात हे पाहून ती खाली आणली. निदान झालेल्या माणसाने साखर कुठे ठेवायची, हा तिसराच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर रिपोर्टात कुठेही छापलेलं नसतं. ते ठरवावं लागतं.

ठरवण्याची सुरुवात बहुतेक डॉक्टर ज्या आकड्यांपासून करतात ते असे. उपाशीपोटी किंवा जेवणाआधी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत, आणि ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत. हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे आकडे. ब्रिटनची नाइस ही संस्था, फक्त आहारावर किंवा साखर फार खाली न नेणाऱ्या एकाच गोळीवर असलेल्यांना ६.५ चं उद्दिष्ट देते. उलट अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१८ मध्ये सांगितलं की बहुतेकांना ७ ते ८ पुरे. म्हणजे तज्ज्ञांतच एकमत नाही. यावरून कोणी ‘डॉक्टरांनाच कळत नाही’ असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. मतभेद कशावरून आहे हे कळलं की आपला आकडा ठरवणं सोपं जातं.

आधी एचबीए१सीबद्दल थोडं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते. साखर जितकी जास्त, तितका चिकटलेला भाग मोठा. मधुमेहींमध्ये हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त असतं हे सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये तेहरानमध्ये दाखवलं. ६ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. शेवटी ही सरासरीच. दिवसभर दीडशेच्या आसपास राहणारा आणि कधी ६० तर कधी २५० वर जाणारा, दोघांचाही ७ येऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. नुकतंच निदान झालेल्यांनी साखर किती खाली आणावी, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये तो सुरू केला. टाइप २ मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले ५,१०२ जण त्यात घेतले, आणि त्यांत सुमारे दहा टक्के भारतीय उपखंडाच्या वंशाचे होते. एका गटाला प्रामुख्याने आहाराचा सल्ला. लक्षणं नसतील आणि उपाशीपोटी साखर २७० च्या खाली असेल तर त्यांना औषध दिलं जात नव्हतं. आज २७० हा आकडा वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल, पण तेव्हा तेच रीतसर उपचार समजले जात. दुसऱ्या गटाचं उद्दिष्ट उपाशीपोटी १०८ च्या खाली. गोळ्या किंवा इन्सुलिन देऊन ते गाठण्याचा प्रयत्न व्हायचा.

१९९८ मध्ये निकाल जाहीर झाले. दहा वर्षांत कडक गटाचा एचबीए१सी ७.०, सैल गटाचा ७.९. फरक एका टक्क्याचाही नाही, पण डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या दुखण्यांत २५ टक्के घट. हृदयविकाराच्या झटक्यांत मात्र १६ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर अगदी थोडक्यात नापास झाली. म्हणजे डोळे-किडनीसाठी कडक साखर हवी, हृदयाचं सांगता येत नाही, असा अर्धवट निकाल हाती आला. टर्नर पुढच्याच वर्षी वारले.

अभ्यास संपल्यावर सहभागींना नेहमीच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, आणि वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. एखाद्याने इथेच फाइल बंद केली असती. टर्नर यांचे सहकारी रूरी होल्मन यांनी ती उघडी ठेवली. २००८ मध्ये, मूळ अभ्यासानंतर दहा वर्षांनी, त्यांनी पुन्हा मोजलं. पूर्वी कडक गटात असलेल्यांना हृदयविकाराचे झटके १५ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. साखरेतला फरक कधीच पुसला गेला होता, फायदा मात्र वाढत होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्याही पुढच्या पाठपुराव्यात तो टिकलेला दिसला.

असं का होत असावं? हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पेशीबरोबर चार महिन्यांत नष्ट होते. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या कोलॅजेनसारख्या प्रथिनांचं आयुष्य वर्षांत मोजतात. त्यांना साखर चिकटून जे रासायनिक बदल होतात ते नंतर साखर कमी केली तरी सहज मागे फिरत नाहीत. जुनी साखर रक्तवाहिन्या अशा लक्षात ठेवतात; या स्मृतीचं सगळं कोडं उलगडलं आहे असं नाही, पण पहिल्या वर्षांतली बेफिकिरी पुढे भरून काढता येत नाही एवढं या आकड्यांवरून स्पष्ट होतं. ‘सध्या काही त्रास नाही, बघू नंतर’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य मधुमेहात सगळ्यात महाग पडतं.

मग सगळ्यांनीच साखर अगदी निरोगी माणसासारखी का करू नये? हाच प्रश्न अमेरिका-कॅनडातल्या ॲकॉर्ड अभ्यासाने विचारला. १०,२५१ लोक, सरासरी वय ६२, मधुमेह सुमारे दहा वर्षं जुना, एकतृतीयांशाहून जास्त लोकांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघातासारखं काही होऊन गेलेलं. कडक गटाचं उद्दिष्ट एचबीए१सी ६ च्या खाली. फेब्रुवारी २००८ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. कडक गटात २५७ मृत्यू, दुसऱ्या गटात २०३. नंतरच्या विश्लेषणात एक बारकावा निघाला. ज्यांची साखर पटकन खाली आली त्यांना धोका नव्हता. भरपूर औषधं देऊनही ज्यांची साखर हलत नव्हती अशा मंडळींत मृत्यू जास्त होते. नेमकं कारण आजही वादाचं आहे. पण वयस्कर, जुना मधुमेह, आजारी हृदय असलेल्या माणसाला औषधांच्या जोरावर सहाच्या खाली रेटू नये, हा धडा कायम राहिला.

एकाच वर्षात आलेले हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण ते वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतात. टाइप २ च्या नव्या निदानाचा माणूस यूकेपीडीएसमधला आहे. त्याने कडक राहावं, शक्य तर ६.५ च्या आसपास. त्यातही आपल्या लोकांनी जास्तच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे, अशा भारतीय शरीरात मधुमेह युरोपीयांपेक्षा लवकर येतो. अडतिसाव्या वर्षी निदान झालं तर पुढे चाळीस वर्षं काढायची असतात. तिथे ‘७.८ आहे, चालतंय’ ही सवलत परवडत नाही. तेच ७.८ एकट्या राहणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांसाठी चांगलं आहे. तिथे आठच्या आत पुरतं, कारण रात्री शुगर लो होऊन बाथरूममध्ये पडणं हा त्यांच्यासाठी जवळचा धोका आहे.

शुगर लो होणं ही उद्दिष्टाची खालची भिंत. ७० च्या खाली सावध व्हायचं, ५४ च्या खाली ती तातडीची गोष्ट. घाम, थरथर, छातीत धडधड, विचित्र चिडचिड, अशी तिची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. पण ही भिंत सगळ्यांसाठी सारखी जवळ नसते. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा इतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जाते. म्हणून ‘माझी गोळी साखर लो करणारी आहे का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. एकादशी-चतुर्थीला निरंकार उपास करणाऱ्यांनी तर नक्कीच. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करणाऱ्यांची अडचण उलट्या दिशेची असते.

कडक म्हणजे घाईने, असं मात्र नाही. निदानाच्या वेळी एचबीए१सी १२ असेल आणि तो झपाट्याने खाली आणला, तर डोळ्यांच्या पडद्यावर आधीच दोष असलेल्यांमध्ये ते सुरुवातीला वाढू शकतात. टाइप १ मधुमेहाच्या डीसीसीटी या मोठ्या अमेरिकी अभ्यासात हे ठळकपणे दिसलं होतं. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांत कडक गटाचेच डोळे जास्त चांगले राहिले, म्हणून उपचार टाळायचे नाहीत. निदान होताच पडदा तपासून घ्यायचा. शिवाय साखर बदलताना डोळ्यातलं भिंगही बदलतं आणि काही आठवडे धूसर दिसतं. त्या काळात चष्म्याचा नंबर बदलण्यात पैसे घालवू नयेत.

मोजायचं कधी, हेही उद्दिष्टावर ठरतं. फ्रान्समधले लुई मोनिए यांनी २००३ मध्ये दाखवलं की एचबीए१सी खूप जास्त असेल तेव्हा त्यात उपाशीपोटीच्या साखरेचा वाटा मोठा असतो. तो सातजवळ आला की जेवणानंतरची साखर वरचढ ठरते. नव्या निदानात ‘फास्टिंग नॉर्मल आहे, तरी एचबीए१सी ७.२ कसा’ याचं उत्तर बहुधा दुपारच्या भाताच्या ताटात असतं. आठवड्यातून दोनदा जेवणानंतर मोजलं की कळतं. मीटरकडून सोनाराच्या काट्याची अपेक्षा मात्र नको. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बहुतेक मोजमापं खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असली तरी मीटर उत्तीर्ण होतं. म्हणजे खरी साखर १४० असताना त्याने १२० दाखवलं काय किंवा १६० दाखवलं काय, दोन्ही चालतं. आंबा खाऊन हात न धुता बोटाला सुई टोचली, तर वाचन आंब्याचं येतं.

आपल्याकडे एचबीए१सीच्या रिपोर्टाकडेही जरा संशयाने पाहावं लागतं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि अशा बायका महाराष्ट्रात घरोघरी आहेत. सिकलसेल असेल तर पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हे विसरून चालत नाही. मीटरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन तपासायला सांगावं. गरोदरपणाचे आकडे तर पूर्ण वेगळे आणि बरेच कडक असतात. उपाशीपोटी ९५ आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

आणखी एक शक्यता नव्या निदानाच्या माणसाने माहीत करून घ्यावी. ब्रिटनमधल्या डिरेक्ट अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के जण औषधांशिवाय ६.५ च्या खाली होते. दुसऱ्या वर्षाअखेरीस ३६ टक्के. वजन परत आलं की साखरही परत येते, आणि हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. ‘मधुमेह कायमचा घालवा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंचा याच्याशी संबंध नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि प्रमाणात गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के. यातल्या कोणाचं निदान गेल्या वर्ष-दोन वर्षांत झालं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून फाइलवर चार गोष्टी लिहून घ्या. माझं उपाशीपोटीचं उद्दिष्ट किती, जेवणानंतरचं किती, एचबीए१सी किती आणि तिथे कोणत्या महिन्यापर्यंत पोहोचायचं. आकडा गाठला की गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गाठला नाही तर ती तारीख उलटू देऊ नका, त्याआधीच दवाखान्यात जा.