पोळपाटाला धरायचं कुठे?

लाटणं कातणं सोपं. दांड्याची दोन टोकं लेथच्या दोन अणकुचीदार केंद्रांमध्ये धरली की झालं. पोळपाटाला टोकंच नाहीत! संगमेश्वर-देवरुखकडच्या फणसाची पिवळी फळी घ्या, गोल कापा, लेथवर उभी फिरवा. समोरची सगळी बाजू पटाशीसाठी मोकळी हवी. मग ती धरायची कुठे?

पाठीमागून. लेथच्या फिरत्या टोकावर लोखंडी चकती, म्हणजे फेसप्लेट, बसवतात आणि तिच्या भोकांतून फळीच्या पाठीत स्क्रू पिळतात. तिथे लाकडाचे तंतू आडवे असल्याने आटे घट्ट रुततात. तंतूंच्या टोकाकडून पिळलेला स्क्रू मात्र लवकर ढिला पडतो. पुढे पाय बसायचे असतात त्याच जागी स्क्रू घेतले की भोकंही झाकली जातात.

भोकच नको असेल तर कागद! फळी आणि एक टाकाऊ ठोकळा यांच्यामध्ये कागद घालून चिकटवायचा आणि स्क्रू ठोकळ्यात पिळायचे. पटाशीचा रेटा हा कागदी सांधा निमूट सोसतो. काम संपल्यावर त्याच सांध्यात पटाशीची धार लावून हलकेच ठोकलं की कागद आपल्याच जाडीत दुभंगतो, अर्धा फळीवर, अर्धा ठोकळ्यावर. कागदाचे तंतू आडवे पसरलेले असतात. त्या दिशेला बळ भरपूर, थराथरांत मात्र फार थोडं. कातकामातली यापेक्षा अफलातून युक्ती मला तरी ठाऊक नाही.

२५ सेंटीमीटरचा पोळपाट मिनिटाला १,००० फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी ४७ किलोमीटरने पळते. आंबा घाट चढणारी एसटी मागे पडेल. नेमक्या मध्यावर वेग शून्य! हा मध्य ओलांडायचा नाही. अलीकडच्या अर्ध्यात लाकूड खाली येतं आणि पटाशीला टेकणीवर दाबून ठेवतं. पलीकडे तेच खालून वर येतं आणि पटाशी भिरकावून देऊ शकतं.

एवढं करून साधलेला गोल गोल राहील याचीही खात्री नाही. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवं मात्र चांगलंच आक्रसतं. ओल्या फळीचा नेमका गोल म्हणूनच पुढे लंबगोल होतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन आडवं माप पुन्हा थोडं वाढतं. घरी अखंड फळीचा जुना पोळपाट असेल तर उभा-आडवा पट्टीने मोजून पाहा, मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा.