‘मिस्टरी’, रहस्य आणि गूढ : एक शब्दविचार

इंग्रजीतील ‘मिस्टरी’ या शब्दासाठी मराठीत ‘रहस्य’ आणि ‘गूढ’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. ‘ज्याचा उलगडा झालेला नाही ते’ हा अर्थ तिन्हींच्या बाबतीत गृहीत धरलेला असतो. व्युत्पत्ती मात्र निराळेच सांगते.

‘मिस्टरी’चे मूळ ग्रीक ‘मुस्तेरिऑन’ हे होय. मिटणे, म्हणजे ओठ वा डोळे मिटणे, या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडला जातो. अथेन्सजवळील एल्युसिस येथील विधींची दीक्षा घेतलेला तो ‘मुस्तेस’. तेथे पाहिलेले बाहेर सांगण्यास त्याला सक्त मनाई असे. अर्थात मुस्तेरिऑन हे अज्ञात नव्हते. जाणणाऱ्यांनी न सांगितलेले होते. (इंग्रजीत धंदा, कारागिरी या अर्थाचाही एक जुना ‘मिस्टरी’ आहे, तो लॅटिन ‘मिनिस्तेरियुम’पासून आलेला. आपला ‘मिस्त्री’ याहून वेगळा, पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा वंशज.)

संस्कृतातही हेच दिसते. ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतात सांगावयाचे ते रहस्य. मनुस्मृतीत शिष्याला रहस्यासह वेद शिकविणाऱ्यास आचार्य म्हटले आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या ‘गीतारहस्या’तही रहस्य म्हणजे ग्रंथाचे मर्म, न सुटलेले कोडे नव्हे. ‘गूढ’ हे तर ‘गुह्’ या धातूचे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित : लपविलेले. गुहा आणि गुह्य ही त्याच धातूची अपत्ये. लपविलेले म्हटले की लपविणारा आलाच.

या मूळ अर्थाचे उत्तम उदाहरण विदर्भातच सापडते. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. परिणामी मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ कित्येक शतके संप्रदायाबाहेर अपरिचित राहिला. विसाव्या शतकात लिपीचा संकेत उलगडला, यशवंत खुशाल देशपांडे यांच्यासारख्यांनी या वाङ्मयाचा परिचय करून दिला आणि १९७८ मध्ये नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध झाले. हे खरे रहस्य : किल्ली होती, ती कोणाच्या तरी हाती होती.

याउलट, जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत लवणप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले. येथे कोणी काही लपविले नव्हते. निसर्गाला ओठ मिटावयाचे नसतात. तथापि अशा घटनेस आपण सहज ‘गूढ’ म्हणतो, आणि शब्दातला तो अदृश्य लपविणारा विद्यार्थ्याच्या मनात नकळत शिरतो. मग दैवी कोप, शाप यांना वाट मोकळी होते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तरी अशा ठिकाणी ‘कारण अद्याप अज्ञात’ एवढे शब्द पुरेसे आहेत.