क्ष-किरणांची छाया आणि शरीररचनेचे ज्ञान

क्ष-किरण चित्र काढणे म्हणजे रुग्णाला यंत्रासमोर उभे करून कळ दाबणे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यामुळे विज्ञान शाखेकडे वळलेला विद्यार्थी एक तर डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहतो, नाही तर वैद्यकीय क्षेत्राचा विचारच सोडून देतो. या दोहोंच्या मध्ये क्ष-किरण तंत्रज्ञाचा जबाबदारीचा व्यवसाय उभा आहे. २०२४ पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा वेळी या व्यवसायाचा पाया कोणता, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे ठरते. तो पाया यंत्रात नसून शरीररचनेच्या ज्ञानात आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना हे अदृश्य किरण आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव त्यांना मिळाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि अंगठी त्यात स्पष्ट उमटली. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. तो साऱ्या मानवजातीसाठी खुला ठेवला.

क्ष-किरण चित्र ही मुळात एक छाया असते. हवेने भरलेल्या फुप्फुसांतून किरण सहज पार जातात, म्हणून तो भाग काळा दिसतो. कॅल्शियमयुक्त हाडे किरण अडवतात, म्हणून ती पांढरी दिसतात. स्नायू, रक्त आणि हृदय यांच्या छटा या दोहोंमधल्या. परंतु छाया सपाट असते; पुढचे आणि मागचे अवयव तीत एकमेकांवर पडतात. त्यांना वेगळे करायचे तर कोणता अवयव कोठे आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

कंदिलाच्या उजेडात हात भिंतीजवळ धरला तर सावली हाताएवढी पडते. कंदिलाजवळ नेला तर भिंतभर होते. छातीच्या चित्रात हाच नियम लागू पडतो. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. म्हणून रुग्णाची छाती फलकाला टेकवून किरण पाठीकडून सोडतात. उलट बाजूने सोडल्यास निरोगी हृदयही मोठे भासू शकते. खांदे पुढे झुकवायला सांगतात, कारण त्यामुळे खांद्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरतात. दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतात, कारण छाती व पोट यांमधला पडदा खाली जाऊन फुप्फुसांचा तळ मोकळा होतो. क्षयरोगाचा डाग पुष्कळदा फुप्फुसाच्या टोकाला, गळ्याखालच्या आडव्या हाडाआड दडलेला असतो. रुग्ण किंचित वाकडा उभा राहिला तरी तो नजरेतून निसटू शकतो.

डावे-उजवे दाखवणारी छोटीशी खूणही अशीच महत्त्वाची. क्वचित एखाद्या माणसाचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. चित्रावर खूण नसेल, तर पाहणारा चित्रच उलटे धरले आहे असे समजेल.

मानवी शरीरात साधारणतः २०६ हाडे असतात. त्यांपैकी प्रत्येक हातात, मनगटासह, २७. म्हणजे दोन्ही हातांत मिळून ५४. कबड्डी खेळताना तळहातावर पडलेल्या मुलाचे मनगट दुखत असेल, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेले नौकेच्या आकाराचे लहान हाड तपासावे लागते. त्यासाठी मनगट करंगळीकडे वळवून वेगळे चित्र घेतात. या हाडाला रक्तपुरवठा बेताचाच असतो. मोड दुर्लक्षित राहिल्यास त्याचा काही भाग निर्जीव होऊ शकतो. याउलट वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची काळी रेघ दिसते. अजाण माणसाला ती मोड वाटते. जाणकाराला ती वाढीची खूण म्हणून कळते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची पद्धत वर्णिलेली आहे. पुढे मात्र प्रेताचा स्पर्श विटाळ मानला गेला आणि हे ज्ञान खुंटले. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती रूढी मोडण्याचे धाडस म्हणून त्याची नोंद झाली. ज्या व्यवस्थेने स्पर्शाला पाप ठरवले, तिनेच मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादले. हाडामांसाशी त्यांचा नित्य संबंध येई. पण त्यातून त्यांच्या पदरी विद्या नव्हे, केवळ अवहेलना आली. बाबासाहेबांनी ती कामे टाकून शिक्षणाची वाट धरायला सांगितले. आज त्यांच्या लेकरांनी शरीराचे शास्त्र पदवीसह आणि सन्मानाने आत्मसात करावे, यात त्या शिकवणुकीची सार्थकता आहे.

या अभ्यासक्रमांसाठी सामान्यतः भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. शरीररचनेबरोबर किरणांपासून संरक्षणही शिकवले जाते : शिशाचा अंगरखा, किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला, स्त्री-रुग्णाला गर्भधारणेविषयी आवर्जून विचारणे. पहिलेच चित्र अचूक आले तर रुग्णाच्या शरीरात पुन्हा किरण सोडावे लागत नाहीत. ज्ञान आणि करुणा येथे एकत्र येतात.

रुग्णालयांत सेवा करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, त्यांनी एखादा दिवस शाळेत यावे, रुग्णाचे नाव काढून टाकलेल्या काही जुन्या फिल्म सोबत आणाव्यात आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना त्या खिडकीच्या उजेडात वाचायला शिकवावे.