हंगाम पाच आठवड्यांचा, चारा वर्षाचा

ग्रामीण शाखेत असताना बैलजोडीच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. अर्जात जोडीची किंमत असे. चाऱ्याचा रकाना मात्र बहुधा कोरा. जनावर घेणे सोपे, पोसणे अवघड, हा धडा मी तिथे शिकलो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील शिकाऱ्यांच्या घोड्यांविषयी वाचताना तो कोरा रकाना पुन्हा आठवला.

तिथल्या डोंगरांत बॉब मार्शल नावाचे दहा लाख एकरांहून मोठे राखीव अरण्य आहे. १९६४ च्या कायद्याने तिथे मोटारच काय, सायकलही चालत नाही. जायचे ते पायी, नाहीतर घोड्या-खेचरांवर. एल्क हे सांबराच्या जातकुळीतले जनावर. मोठा नर तीनशे किलोंच्या घरात जातो. चाप ओढायला क्षण पुरतो, खरे काम त्यानंतरचे. हाडे काढूनही शंभरेक किलो मांस उरते आणि ते रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. पाठीवर तीस किलो घेऊन माणूस पंधरा किलोमीटर चालला, तरी चार खेपा होतात. तोवर मांस नासते, किंवा ग्रिझली अस्वलाला वास लागतो. ओझ्याचा घोडा साठ-सत्तर किलो वाहतो. दोन घोडे, एक खेप! हिशेब चोख वाटतो.

पण ही झाली जमेची बाजू. साडेचारशे-पाचशे किलोंचा घोडा दिवसाला नऊ-दहा किलो वाळके गवत खातो. वर्षाला सुमारे साडेतीन टन. हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली जातात, तेव्हा साठवलेल्या नाहीतर विकतच्या गवताशिवाय गत्यंतर नाही. सरकारी रानात न्यायच्या गवताला तर त्यात तणाचे बी नसल्याचा दाखला लागतो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. शिवाय जंताचे औषध, लसी, दातांची देखभाल, खोगिरे, ट्रेलर. आणि राज्यातला बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम? जेमतेम पाच आठवडे.

'घोडा का अडला?' या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर 'न फिरवल्यामुळे' असे आहे. वर्षभर नुसता उभा ठेवलेला घोडा ऐन वेळी अरुंद पायवाटेवर बिचकतो, रक्ताच्या वासाने उधळतो. म्हणून उन्हाळाभर त्याची ओझ्याची सवय मोडू द्यायची नसते. पुष्कळजण त्यापेक्षा घोडे भाड्याने घेतात, किंवा व्यावसायिकाला पैसे देऊन मांस खाली आणवतात.

याहून मोठा प्रश्न पुढेच आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो; डोंगरातले ओझे त्याच्याने बरेच आधी होईनासे होते. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण त्यानंतरही नकोसे झालेले घोडे कॅनडा-मेक्सिकोत कत्तलीला जात राहिले. कोणी आपल्या म्हाताऱ्या घोड्याला कुरणात अखेरपर्यंत चारतो, कोणी वेळ आली की पशुवैद्याला घरी बोलावतो, कोणी लिलावाला धाडतो. घसारा लिहायला आम्ही बँकवाले पटाईत. पण ज्याने इतके हंगाम आपले ओझे वाहिले, त्याचा घसारा कोणत्या खात्यावर टाकायचा?

घोडा घेण्याच्या दिवशीच हा शेवटचा रकाना भरता येत असेल, तर खुशाल घ्यावा. तो कोराच राहणार असेल, तर भाड्याचा बरा.