कोहळ्याचा हंगाम आणि फार्मसीची मागणी

जी द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत असे शार्ङ्गधरांनी सांगितले आहे, त्यांत गुडूची, वासा, शतावरी यांच्याबरोबर कूष्मांडाचाही समावेश आहे. गुळवेल कुंपणावर मिळते, अडुळसा बांधावर येतो. कोहळा मात्र कोणीतरी चार महिने राखून पिकवावा लागतो. आमच्या २० गुंठ्यांच्या सेंद्रिय भाजीमळ्यात आम्ही तो काही वर्षे घेत आहोत. त्या अनुभवाच्या आधारे फार्मसीचालक बंधूंपुढे एक विचार मांडावयाचा आहे.

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की आळी करून, शेणखत घालून बी टोकावयाचे. आषाढ-श्रावण खुरपणीत जातो. या खुरपणीत घेटुळी, माका, भुईआवळी पाट्या भरभरून निघते. मजूर स्त्रियांच्या लेखी ते तण. आम्ही ते निराळे ठेवावयास सांगतो तेव्हा त्यांना हसू येते. (बाजारातील भुईआवळीच्या पोत्यात आणखी काय काय निघते, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.)

फुलोरा येताच फळमाशी येते. रासायनिक औषध वर्ज्य, म्हणून गंधसापळे टांगावयाचे, ५ किलो निंबोळीच्या पुडीपासून १०० लिटर अर्क करून फवारावयाचा आणि डंखलेली कोवळी फळे रोजच्या रोज वेचून खोल पुरावयाची. मजुरीचा मोठा भाग या वेचणीतच खर्ची पडतो. ओल्या मातीला टेकलेले फळ कुजते, त्यामुळे प्रत्येक फळाखाली पेंढा घालावा लागतो.

खरा पेच नवरात्राच्या सुमारास उभा राहतो. दारावर टांगण्यासाठी कोहळ्यास गिऱ्हाईक असते. व्यापारी मळ्यावर येऊन रोख पैसे देतो. तो आकार पाहतो, पक्वता नव्हे. अवलेहासाठी मात्र जून, घट्ट, अंगावर पांढरी भुकटी धरलेले फळ हवे, म्हणजे ते आणखी काही आठवडे वेलावर राहावयास हवे. त्या काळात परतीचा पाऊस आणि भुरी यांचे भय असतेच. एवढी जोखीम लहान शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर घ्यावी? कोवळ्या फळाचा कीस पिळला असता पाणीच फार निघते आणि तुपात परतल्यावर हाती थोडे उरते, हे अवलेह करणारांस ठाऊक आहे. तरीही आपण खरेदीस निघतो ते दिवाळीनंतर, आणि चांगला माल मिळत नाही म्हणून शेतकऱ्यास दोष देतो.

आमच्या मते सौदा ज्येष्ठातच व्हावा: परिमाण, भाव, तोडणीची अवस्था ठरवून काही रक्कम आगाऊ द्यावी. सोबत खुरपणीतील घेटुळी-माकाही उचलावा. मजुरीचा काही भार त्यातून निघतो. एका फार्मसीचालकांनी गेल्या वर्षी ३ क्विंटलसाठी चौथाई रक्कम आगाऊ दिली. दसऱ्यास व्यापारी आला, तेव्हा तेवढी फळे वेलावरच राहिली व कार्तिकात तोडली. यंदा शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी आमच्याकडे बी मागितले आहे. त्यांचा माल कोण घेणार, हे अद्याप ठरावयाचे आहे.