मतदार निवेदन, मद्यविक्रीविरोधी

मतदार निवेदन, मद्यविक्रीविरोधी : गावातील वा प्रभागातील दारूचे अनुज्ञप्त दुकान बंद करावे की नाही, यावर मतदान घ्यावे, अशी ठराविक संख्येच्या मतदारांनी स्वाक्षऱ्यांसह केलेली मागणी. मतदारांच्या स्वाक्षऱ्यांवरून एखादा प्रश्न थेट मतदानास टाकण्याची प्रथा स्वित्झर्लंडमध्ये जुनी असून तेथे संविधानदुरुस्ती सुचविण्यासाठी अठरा महिन्यांत एक लाख स्वाक्षऱ्या जमवाव्या लागतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साउथ डकोटा राज्याने १८९८ मध्ये ती प्रथम स्वीकारली. भारतीय संविधानात मतदारांना असा अधिकार नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेला जनमत कौल हा संसदेच्या कायद्यान्वये घेतलेला होता. त्यामागे स्वाक्षऱ्यांची अट नव्हती [⟶ सार्वमत]. महाराष्ट्रातील मद्यविक्रीविरोधी निवेदन हे त्या दृष्टीने एका मर्यादित विषयापुरते का होईना, पण वेगळे उदाहरण होय.

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याखाली २००८ साली काढलेल्या आदेशाने या पद्धतीस सध्याचे रूप आले. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा मतदारांचे निवेदन, असे दोन मार्ग त्यात आहेत. निवेदनावर गावातील महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के मतदारांच्या स्वाक्षऱ्या लागतात. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या पडताळतो आणि नंतर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी व आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे व आडवी म्हणजे बंद व्हावे. यावरूनच ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचार राज्यभर रूढ झाला.

भंडारा जिल्ह्यास या निवेदनाचे विशेष महत्त्व आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. भंडारा मात्र दारूबंदी जिल्हा नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या सीमेपलीकडे देसाईगंजात जे दुकान कायद्याने उघडता येत नाही, ते अलीकडे लाखांदूर तालुक्यात उघडता येते. ते बंद करावयाचे, तर गावालाच पुढाकार घ्यावा लागतो. हा पुढाकार बहुधा बचत गटांतील महिला घेतात व अर्ज घरोघर फिरतो. अमेरिकेत मोबदला घेऊन स्वाक्षऱ्या गोळा करणाऱ्या अनोळखी माणसाला नकार देणे सोपे. येथे अर्ज घेऊन येणारी शेजारीण किंवा नात्यातली बाई असते आणि दुकानदारही पुष्कळदा त्याच गावचा असतो. न वाचता स्वाक्षरी होते ती यामुळेच, आणि भीतीपोटी टाळली जाते तीही यामुळेच.

स्वाक्षरी करणारीने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की स्वाक्षरी म्हणजे मत नव्हे. तिने फक्त मतदानाची मागणी होते. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही. महिलांच्या निवेदनावरून मतदान झाल्यास गावातील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. समजा, गावात ८०० महिला मतदार आहेत. निवेदनास २०० स्वाक्षऱ्या पुरतील. पण दुकान बंद होण्यास ४०१ मते लागतील. ६०० जणींनी मतदान केले आणि ३८० मते आडव्या, २२० उभ्या बाटलीस पडली, तरी दुकान चालूच राहील. घरी राहिलेल्या २०० जणींची गैरहजेरी येथे विरोधी मताइतकीच भरते. ऐन रोवणीत किंवा धानकापणीच्या दिवसांत मतदान आले, अथवा गावातील मजूर कुटुंबे कामासाठी बाहेरगावी असली, तर याचा फटका बसतो. स्वाक्षऱ्या उत्साहाने जमल्या, एवढ्यावरून निकालाचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दुसरी अडचण पडताळणीची. नाव मतदार यादीत जसे आहे तसेच अर्जावर हवे. विवाहानंतर नाव बदललेले असणे, नाव अजून माहेरच्या यादीत असणे, एकाच हस्ताक्षरात अनेक स्वाक्षऱ्या असणे यांमुळे संख्या घटते आणि २५ टक्क्यांची मर्यादा थोडक्यात चुकू शकते. पडताळणीच्या वेळी अधिकारी महिलांना समक्ष विचारतात, तेव्हा ‘कशावर सही केली ते ठाऊक नाही’ हे उत्तर साऱ्या निवेदनाला बाधक ठरते. अंगठा उठविणारीला अर्ज आधी मोठ्याने वाचून दाखविणे व अंगठ्याशेजारी तिचे नाव स्पष्ट लिहिणे हे त्यासाठी आवश्यकच आहे. कोऱ्या कागदावर किंवा मजकूर मागाहून भरला जाईल अशा कागदावर स्वाक्षरी देऊ नये.

अर्जातील मागणी कोणत्या दुकानाविषयी आहे, हेही वाचून पाहावे लागते. देशी दारूचे किरकोळ दुकान (सी. एल.–३), विदेशी मद्याचे दुकान (एफ. एल.–२), परवाना कक्ष (एफ. एल.–३) आणि बिअरचे दुकान (एफ. एल./बी. आर.–२) यांच्या अनुज्ञप्त्या वेगवेगळ्या असतात. मोहफुलांची हातभट्टी तर या निवेदनाच्या कक्षेत येतच नाही. जिला मुळात अनुज्ञप्ती नाही, ती मतदानाने काढून घेता येत नाही. तिच्याविरुद्ध पोलीस व उत्पादन शुल्क विभाग यांच्याकडे तक्रार करावी लागते. अशा अवैध दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. हा भेद न समजल्याने अनुज्ञप्त दुकान बंद होऊनही गावातील दारू थांबली नाही, अशी निराशा पुष्कळ ठिकाणी पदरी येते.